समाजकार्याची पदवी : कर्ता कोण, कर्म कोण?

१

समीक्षा करायची ती कथा-कवितेची, कादंबरीची, फार तर आत्मकथनाची, असा आपल्याकडे संकेत आहे. मी येथे ज्या लेखनप्रकाराविषयी लिहीत आहे त्याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. त्याला प्रकाशक नाही, संपादक नाही. त्याचा वाचक बहुधा एकच असतो, तो म्हणजे पर्यवेक्षक प्राध्यापक. आणि परीक्षा आटोपली की त्याची रवानगी रद्दीत होते. तरीही आमच्या वस्त्यांविषयी, पोडांविषयी, बेड्यांविषयी मराठीत जेवढे लेखन या प्रकारात झाले आहे, तेवढे दलित साहित्याच्या सगळ्या पुस्तकांत मिळूनही झाले नसेल. हा लेखनप्रकार म्हणजे समाजकार्याच्या पदवीसाठी विद्यार्थी लिहितात तो क्षेत्रकार्याचा अहवाल.

यवतमाळ येथे सावित्री-जोतिरावांच्या नावाचे समाजकार्य महाविद्यालय आहे. तेथे मिळणारी बी.एस.डब्ल्यू. ही पदवी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. म्हणजे या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याच्या पदवीवर तीन थोर नावांची सावली आहे, आणि या तिघांपैकी एकाजवळही समाजकार्याची पदवी नव्हती. हे मी उपहासाने म्हणत नाही. किंवा कोणा एका महाविद्यालयाचा हिशेबही मला मांडायचा नाही. अमरावती असो, नागपूर असो की मुंबई, जो साचा सगळीकडे कमीअधिक सारखाच वापरला जातो, त्या साच्याची तपासणी करायची आहे.

या पदवीला येतो कोण? शेतमजुराचा मुलगा, मक्त्याने वावर करणाऱ्याची मुलगी, कोलाम पोडावरचा आश्रमशाळेत शिकलेला पोरगा, तांड्यावरची मुलगी. बारावीला विज्ञान परवडले नाही, डी.एड.मध्ये आता नोकरी उरली नाही, आणि मनात कुठेतरी 'आपल्या लोकांसाठी काही करावे' असे असते. शिष्यवृत्तीच्या आधारावर तो प्रवेश घेतो. महाराष्ट्रात अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याकडे नाहीत, सामाजिक न्याय खात्याकडे आहेत. मागासवर्गीयांची वसतिगृहे ज्या खात्याकडे, अत्याचारग्रस्तांचे अर्थसाहाय्य ज्या खात्याकडे, त्याच खात्याकडे हे शिक्षण. तेव्हा ही पदवी म्हणजे आमच्या प्रश्नापासून दूर असलेली एखादी विद्याशाखा नव्हे. तिचा विषय आम्ही आहोत, तिचे विद्यार्थीही मोठ्या प्रमाणावर आम्हीच आहोत. म्हणूनच तिची भाषा कोणाची आहे, हे आम्ही विचारले पाहिजे.

२

समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला मध्यवर्ती स्थान आहे. आठवड्यातून साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात, आश्रमशाळेत किंवा एखाद्या संस्थेत जातो. परत येऊन अहवाल लिहितो. तो अहवाल पर्यवेक्षक तपासतात. वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर होते, त्याचाही अहवाल असतो. या अहवालाची एक ठरीव भाषा आहे. ती वाचकांच्या ध्यानात यावी म्हणून त्या धर्तीची काही वाक्ये मी रचून देतो :

"सदर वस्तीत पिण्याच्या पाण्याची सोय नाही. वस्तीतील बहुतांश कुटुंबे भूमिहीन आहेत. शिक्षणाबाबत पालकांमध्ये अनास्था दिसून येते. पुरुषवर्ग व्यसनाधीन आहे. स्वच्छतेविषयी जाणीव कमी आहे. प्रशिक्षणार्थीने स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले. लोकांनी चांगला प्रतिसाद दिला."

ज्यांनी ही पदवी घेतली आहे किंवा असे अहवाल तपासले आहेत, त्यांना ही वाक्ये अनोळखी वाटू नयेत. आता शाळेत शिकलेले व्याकरण येथे लावून पाहू. पाण्याची सोय नाही. कोणी केली नाही? कर्ता नाही. कुटुंबे भूमिहीन आहेत. कोणी ठेवली? कर्ता नाही. पण पुढे अनास्था, व्यसन, अस्वच्छता यांची पाळी आली की कर्ता हजर होतो, आणि तो वस्तीतला असतो : पालक, पुरुषवर्ग, लोक. शेवटी चांगले काम करण्याची वेळ आली की कर्ता पुन्हा बदलतो. आता कर्ता असतो प्रशिक्षणार्थी. म्हणजे जे हिरावून घेतले गेले त्याला कर्ता नाही. जे दोष आहेत त्यांचा कर्ता आम्ही. आणि जे भले झाले त्याचा कर्ता बाहेरून आलेला. सात वाक्यांत अख्खी समाजव्यवस्था मांडून झाली, आणि ती कोणाच्याही नकळत.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. हा 'प्रशिक्षणार्थी' म्हणजे कोण? तो तृतीय पुरुषात लिहितो. 'मी गेलो' असे लिहिण्याऐवजी 'प्रशिक्षणार्थीने भेट दिली' असे लिहितो. शास्त्रीय लेखनात 'मी' नसावा असे त्याला सांगितले जाते. पण ज्या मुलीने लहानपणी डोक्यावर गुंड घेऊन पाटलाच्या विहिरीवर वाट पाहिली आहे, ती जेव्हा दुसऱ्या गावच्या बौद्धपुऱ्यात जाऊन 'पिण्याच्या पाण्याची सोय नाही' असे कोरडे वाक्य लिहिते, तेव्हा तिने वाक्यातून कोणाला वगळले? तिने स्वतःला वगळले. तिच्याजवळ जे ज्ञान होते, जे कोणत्याही ग्रंथालयात नव्हते, ते अशास्त्रीय ठरले.

येथे आपल्या साहित्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. दलित आत्मकथनांनी मराठीत जी क्रांती केली ती याच एका सर्वनामाच्या बळावर. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलासवरलेला दया पवार ती ऐकतो. एकाच माणसाची ही दोन रूपे आहेत. शिक्षणाने माणसाचे दोन तुकडे केले, आणि त्या दोन तुकड्यांना समोरासमोर बसवून बोलते केल्याशिवाय खरे सांगता येत नाही, हे त्या रचनेतच आहे. १९८० च्या लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाचे नावच 'उपरा'. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाच्या नावात 'जिणं' आहे आणि ते 'आमुचं' आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यात हाच दगडू आणि हाच दया पवार असतो. फरक एवढाच की अहवालात दगडूला बोलू दिले जात नाही. तेथे त्याला 'केस' म्हणतात.

वाङ्मयाने ज्याला नायक केले, त्याला पदवीने पुन्हा कर्म केले. व्याकरणातले कर्म, आणि दुसरेही.

३

हा साचा आला कोठून? इंग्लंडात १६०१ साली गरिबांचा कायदा झाला. १८६९ मध्ये लंडनला दानधर्माचे संघटन करणारी संस्था निघाली. गरिबांपैकी मदतीला लायक कोण आणि नालायक कोण, हे घरी जाऊन चौकशी करून ठरवणे, हे तिचे मुख्य काम होते. ही चौकशीच पुढे शास्त्र बनली. १९१७ साली मेरी रिचमंड यांनी 'सामाजिक निदान' हा ग्रंथ लिहिला आणि वैद्य रोग्याचे करतो तसे गरजूचे निदान करण्याची पद्धत बसवली. १९५७ साली हेलन हॅरिस पर्लमन आणि फेलिक्स बिस्टेक यांची पुस्तके आली. ती आजही आमच्या वर्गात शिकवली जातात : व्यक्ती, समस्या, स्थान, प्रक्रिया ही पर्लमन यांची चौकट, आणि बिस्टेक यांची सात तत्त्वे.

हे सगळे टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. माणसाला जसा आहे तसा स्वीकारा, त्याच्यावर न्यायनिवाडा करू नका, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या, ही तत्त्वे ज्या देशात माणसाची सावली टाळली गेली तेथे क्रांतिकारकच आहेत. पण त्याच सात तत्त्वांत एक 'नियंत्रित भावनिक सहभाग' हे आहे. ते कोणाला उद्देशून लिहिलेले आहे? कार्यकर्ता आणि गरजू यांच्यामध्ये जन्माचे अंतर आहे, हे गृहीत धरूनच ते लिहिलेले आहे. ज्याच्या घरात तीच समस्या आहे त्याने आपला सहभाग किती अंशांवर नियंत्रित करावा? १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या आणि त्याच साथीत मरण पावलेल्या सावित्रीबाईंचा सहभाग या कसोटीवर नापासच होईल.

भारतात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची पहिली शाळा मुंबईत १९३६ साली निघाली. टाटांच्या देणगीतून आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने ती उभी राहिली. विदर्भात १९५८ साली नागपूरला मातृसेवा संघाची संस्था सुरू झाली. आता १९३६ हे साल आपल्या वाचकांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनाचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले आणि त्याच मुंबईत मुक्तीचा मार्ग कोणता हे सांगणारी परिषद भरली. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन विद्यालये उघडली असे म्हणता येईल. एकाने समाजाच्या व्यवस्थेत माणसाला कसे बसवावे हे शिकवले, दुसऱ्याने ती व्यवस्थाच कशी मोडावी हे शिकवले. पदवी पहिल्याची मिळते.

वास्तविक या दोन वाटांमधला फरक बाबासाहेबांनी त्याआधीच चार वर्षे लेखी मांडला होता. पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी जी संघटना स्थापन झाली, जिचे पुढे हरिजन सेवक संघ असे नाव झाले, तिचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना त्यांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून एक दीर्घ पत्र लिहिले. त्याचा आशय थोडक्यात असा. दलित वर्गाच्या उद्धाराचे दोन मार्ग मानले जातात. एका पक्षाचे म्हणणे, माणसाचे दैन्य त्याच्या वैयक्तिक वर्तनामुळे येते. म्हणून दारूबंदी, आखाडे, सहकार, वाचनालये, शाळा यांच्या योगे एकेका माणसाला सद्गुणी करावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, दैन्य परिस्थितीतून येते. म्हणून परिस्थिती बदलावी. बाबासाहेबांनी दुसरा पक्ष घेतला आणि कार्यक्रमही दिला. गावची विहीर, शाळा, चावडी, वाहने यांवरचे नागरी हक्क मिळवण्याची मोहीम, संधीची समानता, आणि सवर्णांच्या घरात बरोबरीचा वावर. हे काम शांततेने पार पडणार नाही, डोकी फुटतील, खटले होतील, हेही त्यांनी बजावले. आणि तरीही ते करावे असे सांगितले. शेवटी त्यांनी कार्यकर्त्याचा प्रश्न घेतला. ज्याचे प्रेम आहे तोच सेवा करू शकतो, असे टॉल्स्टॉयचा दाखला देऊन त्यांनी म्हटले, आणि असे कार्यकर्ते दलित वर्गातूनच मिळण्याचा संभव अधिक आहे, असे सुचवले. या पत्राची पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे.

समाजकार्याच्या पद्धतिशास्त्रावर भारतात याहून मोलाचा मजकूर माझ्या पाहण्यात नाही. व्यक्तिसहाय्य कार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, कार्यकर्त्याची निवड, संघर्षाची किंमत, सगळे काही त्यात आहे. पण आमच्या अभ्यासक्रमात बाबासाहेब कोठे असतात? समाजसुधारकांच्या यादीत. महात्मा फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांच्या रांगेत एकेका टिपेपुरते. इतिहासाच्या प्रकरणात बाबासाहेब आणि पद्धतीच्या प्रकरणात पर्लमन, अशी ही वाटणी आहे. हार एकाला आणि अधिकार दुसऱ्याला, ही वाटणी आमच्या ओळखीची आहे.

दैन्य माणसाच्या वर्तनातून येते, ही समजूत आपल्याकडे इंग्रजीतून येण्याची गरजही नव्हती. ती येथे कर्मविपाक या नावाने हजारो वर्षे नांदत होती. मागल्या जन्मीचे कर्म गेले आणि त्या जागी या जन्मीचे वर्तन आले, एवढाच बदल. निदानाचे शास्त्र आमच्या भूमीत इतक्या सहज रुजले, याचे कारण जमीन आधीच नांगरलेली होती.

४

हे सर्व केवळ शब्दांचे भांडण आहे, असे कोणी म्हणू शकेल. म्हणून यवतमाळच्या मातीवर येऊ.

हा जिल्हा कापसाचा. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ही शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीतली पहिली घटना मानली जाते. पुढे या घटनांची संख्या वाढत गेली तशी शासनाची एक भाषा तयार झाली. आत्महत्या 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरू लागली. २००६ पासून एक लाख रुपयांच्या मदतीची पद्धत बसली. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे काय, ते थकले आहे काय, या प्रश्नांवर मरण तोलले जाऊ लागले. १८६९ च्या लंडनची लायक-नालायक ही विभागणी यवतमाळच्या कचेरीत अशी पोचली.

या चाळणीतून खाली कोण गळतो? ज्याच्या नावावर सातबारा नाही तो. तोंडी मक्त्याने वावर करणारा, परवाना नसलेल्या सावकाराकडून काढणारा, बचत गटाच्या हप्त्यात अडकलेली बाई, सालगडी. भूमिहीन मजूर तर शेतकरीच नव्हे; त्याचे मरण 'शेतकरी आत्महत्या' कसे ठरणार? गावच्या वतनाने आमच्या बापजाद्यांना जमीन ठेवू दिली नाही, आणि आज जमीन नाही म्हणून मरणही अपात्र. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यात या अर्जांचे तक्ते भरले असतील. 'अपात्र' हा शब्द त्याने कोणाच्या नावापुढे लिहिला, हे त्याला विचारायला अहवालात रकाना नाही.

दुसरे उदाहरण २०१७ चे. त्या वर्षी पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडोंना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूरही होते. चर्चा कशावर झाली? हातमोजे का घातले नाहीत, तोंडाला मास्क का बांधला नाही, अंगभर कपडे का नव्हते. उन्हात पुरुषभर वाढलेल्या कपाशीत दिवसभर पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्याला हातमोजे कोणी द्यायचे होते, विष कोणी विकले, त्याची मिसळ कोणी सुचवली, गुलाबी बोंडअळी परत का आली, हे प्रश्नही निघाले. पण सल्ल्याचा, भिंतीपत्रकांचा आणि प्रबोधनाचा भर मजुराच्या वर्तनावर राहिला. 'स्वच्छतेविषयी जाणीव कमी आहे' या वाक्याचेच हे मोठे भावंड.

तिसरे उदाहरण समुपदेशनाचे. २०१५ साली यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. खचलेल्या माणसाशी कोणी बोलावे, ही गोष्ट चांगलीच आहे. एखादा जीव त्याने वाचला असेल तर त्याचे मोल कशाने करणार? समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना अशा कामांतून समुपदेशकाची, समन्वयकाची कामे मिळतात, हेही खरे. पण कापसाचा भाव पडल्याने झालेल्या दुःखाला 'नैराश्य' म्हटले की भावाचा प्रश्न मनाचा प्रश्न होतो. मन समुपदेशकाच्या ताब्यात येते, भाव कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

आणि आता चौथे उदाहरण, जे या तिन्हींना उत्तर आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून वादळ उठले, आणि अखेर उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. पतीच्या आत्महत्येनंतर घर ओढणारी ही बाई, 'तेरवं' या नाटकातून आपल्यासारख्या एकल स्त्रियांचे जिणे रंगभूमीवर मांडणारी. आयोजकांनी अडचणीतून काढलेली ती वाट असेल. त्या हेतूंची चर्चा येथे करत नाही. मला दिसते ते एवढेच. कचेरीच्या फायलीत ज्यांची नोंद 'लाभार्थी विधवा' अशी व्हावी, त्या उभ्या राहिल्या आणि प्रथम पुरुषात बोलल्या. अहवालातले कर्म व्यासपीठावर कर्ता झाले. साहित्याने त्या दिवशी समाजकार्याला एक पद्धत दाखवून दिली. तिचा समावेश अभ्यासक्रमात व्हायला हवा होता.

५

येथवर आपण साच्याला दोष दिला. आता थोडे आपल्याकडेही पाहिले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा अर्धीच राहील.

बौद्धपुऱ्यातला आमचा पदवीधर जेव्हा पारधी बेड्यावर जातो तेव्हा तो काय लिहितो? व्यसनाधीनता, अस्वच्छता, शिक्षणाबाबत अनास्था. जे शब्द आपल्याविषयी ऐकून तो पेटून उठला असता, तेच शब्द तो पारध्यांविषयी सुवाच्य अक्षरात लिहितो. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ साली रद्द होऊनही ज्यांच्या बेड्यावर पोलिसांची गाडी येतच राहिली, त्यांच्या 'अनास्थे'चा कर्ता कोण, हे त्याला सुचत नाही. कोलाम पोडावर तो मराठीत प्रश्न विचारतो. समोरची म्हातारी कोलामीत विचार करते. उत्तर थोडके येते आणि अहवालात 'लोक मितभाषी आहेत' अशी नोंद होते. त्याच वर्गात कोलामी बोलणारा विद्यार्थी बसलेला असेल, तर त्याची भाषा ही त्याची अडचण समजली जाते. ती सगळ्या वर्गाची गुरुकिल्ली आहे हे कोणी सांगत नाही. उतरंडीतल्या प्रत्येक मडक्याला खालचे मडके सापडते, हे बाबासाहेबांनी जातीविषयी शिकवले. सेवेचीही अशी उतरंड असते.

बाबासाहेबांनी त्या पत्रात याचीही जाणीव ठेवली होती. दलितांतही समाजसेवेचा आडोसा घेणारे लबाड असू शकतील, हे त्यांनी नाकारले नाही. आज तर सेवेला प्रकल्पाचे रूप आले आहे. तीन वर्षांचा प्रकल्प, महिन्याचे मानधन, अहवाल, छायाचित्रे, उद्दिष्टपूर्ती. प्रकल्प संपला की कार्यकर्ता संपतो. चळवळीत ज्याने सभा लावायला शिकायचे, मोर्चा काढायला, निवेदन द्यायला, वेळप्रसंगी तुरुंगात जायला शिकायचे, तो तरुण उपस्थितीपत्रकावर सह्या गोळा करायला शिकतो. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. पण चळवळीने आपला एक माणूस गमावला, हा हिशेबही खोटा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या त्या मैदानावर लाखो माणसे आपापल्या भाकऱ्या बांधून आली. त्यांना कोणी प्रकल्प-प्रस्ताव लिहिला नव्हता. समुदाय संघटनाची व्याख्या देणाऱ्या प्रकरणात याहून मोठे उदाहरण कोणते द्याल?

मग ही पदवी नाकारायची काय? नाही. नकार ही आमच्या साहित्याची पहिली पायरी होती, शेवटची नव्हे. पदवीने दिलेले एक हत्यार आम्हाला हवेच आहे, आणि ते म्हणजे नोंद. साउथबरो समितीपुढे १९१९ साली, सायमन आयोगापुढे १९२८ साली बाबासाहेबांनी निवेदने आणि साक्षी दिल्या. त्या भावनेच्या भरात दिलेल्या नव्हत्या. आकडे, कायदे, तारखा यांनी त्या बांधलेल्या होत्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, १९८९ च्या, खटला उभा राहतो किंवा पडतो तो पुष्कळदा पहिल्या कागदावर. कोणी, कोठे, किती वाजता, कोणत्या शब्दांत, कोणादेखत, हे पहिल्या दिवशी नीट लिहिले गेले काय? वनहक्काचा दावा, २००६ च्या कायद्याखाली, मंजूर होतो तो म्हाताऱ्यांच्या जबानीवर, नकाशावर, ग्रामसभेच्या ठरावावर. हे लिहायला शिकलेला हात गावात असणे ही लहान गोष्ट नाही. आमचा वाद नोंद ठेवण्याशी नाही. कर्ता गाळून ठेवलेल्या नोंदीशी आहे.

अमेरिकेतल्या काळ्या समाजकार्यकर्त्यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे हाच वाद उभा केला. गोऱ्यांच्या नेतृत्वाखालच्या परिषदेतून ते बाहेर पडले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आपल्या वस्तीचे निदान आपण करू, असे त्यांनी म्हटले. पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत दलित व आदिवासी अध्ययनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो पदव्युत्तर होता, इंग्रजीतला होता आणि मुंबईत होता. झरी-जामणीच्या मुलाला हे ज्ञान पदवीच्या पहिल्या वर्षी, मराठीत, यवतमाळला मिळाले पाहिजे.

६

समीक्षकाने केवळ दोष दाखवून थांबू नये, अशी शिक्षकांची रास्त तक्रार असते. म्हणून तीन मागण्या मांडतो. तिन्हींना पैसा लागत नाही, शासननिर्णयही लागत नाही. वर्गात शिकवणाऱ्याचे मन असले म्हणजे झाले.

पहिली : अहवालाचे पहिले पान प्रथम पुरुषात लिहावे. मी कोण, माझे घर गावाच्या कोणत्या बाजूला, या वस्तीत मी कोणत्या वाटेने शिरलो, मला पहिले पाणी कोणी दिले आणि मी ते प्यालो की नाही. हे लिहिण्याची पाळी सवर्ण विद्यार्थ्यावरही येईल, आणि तेच अधिक आवश्यक आहे. आपल्या जातीला नाव न देता दुसऱ्याच्या जातीची नोंद करण्याची सोय त्यालाच आजवर मिळत आली आहे.

दुसरी : 'समस्या' या रकान्याशेजारी 'कोणामुळे' असा रकाना असावा. पाण्याची सोय नाही. कोणामुळे? ठराव कोणी अडवला, निधी कोणत्या बाजूला वळला, नळ कोणाच्या दारापर्यंत येऊन थांबला? ग्रामपंचायतीच्या ठरावांची वही मागून पाहिल्याशिवाय हा रकाना भरता येणार नाही. म्हणजे विद्यार्थी प्रबोधन करायला वस्तीत जाण्याआधी चौकशी करायला पंचायतीत जाईल. क्षेत्रकार्याची दिशाच बदलेल.

तिसरी : १४ नोव्हेंबर १९३२ चे पत्र पद्धतीच्या प्रश्नपत्रिकेत, पहिल्या वर्षी, पर्लमन आणि बिस्टेक यांच्या आधी शिकवावे. त्यांच्या ऐवजी नव्हे, आधी. मग विद्यार्थी त्या दोघांनाही अधिक चांगले वाचील, कारण कोणत्या प्रश्नाला ते उत्तर देत आहेत आणि कोणत्या प्रश्नाला देत नाहीत, हे त्याला कळलेले असेल.

या त्रैमासिकाच्या वाचकांत समाजकार्याचे विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, आणि ज्यांनी कधी महाविद्यालय पाहिले नाही असे कार्यकर्तेही आहेत. विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. गेल्या वर्षीचा आपला अहवाल काढा. जेथे जेथे 'प्रशिक्षणार्थी' असा शब्द आहे तेथे 'मी' लिहा. जेथे कर्ता गळालेला आहे तेथे तो शोधून घाला. नाव सापडले नाही तर जागा रिकामी ठेवा, पण ती रिकामी आहे हे दिसू द्या. एवढे करून तो अहवाल ज्या वस्तीविषयी लिहिला त्या वस्तीत नेऊन वाचून दाखवा. त्या पोचही न मिळालेल्या पत्राची पोच, इतक्या वर्षांनी का होईना, अशीच देता येईल.